मी, खळीतला टकल्या

मी खळ लावायचा कुंचला. थोडं सावकाश बोलेन, चालवून घ्या. खळीत आयुष्य गेलेल्याला घाई जमत नाही. घाई केली की कागदाला सुरकुत्या पडतात, हे मी फार लवकर शिकलो.

शिक्षण म्हणाल तर शून्य. हजारो पुस्तकांच्या पाठीवरून फिरलो, पण एक अक्षर ओळखीचं झालं नाही. मला कळतो तो कागदाचा पोत. कुठला कागद पाणी पितो, कुठला रुसतो, कुठला ओला झाला की लांबतो आणि वाळला की आक्रसतो, एवढीच माझी विद्या.

जन्माचं काही आठवत नाही. आठवतं ते हार्डवेअरच्या दुकानातलं पत्र्याचं डबडं. त्यात आम्ही नऊ-दहा भावंडं डोकी वर करून उभी होतो. बरीचशी रंगाऱ्यांच्या हाती लागली आणि भिंतींवर गेली. एक दिवस एक किडकिडीत माणूस आला. त्याने आम्हाला एकेकाला उचललं आणि चक्क स्वतःच्या गालावरून फिरवलं.

"दाढी करायचीय का राव?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो. पुस्तकं बांधायचीत. पुस्तकाची कातडी गालापेक्षा नाजूक."

आणि त्याने मला निवडलं. तो बाइंडर. गल्लीतली सगळी माणसं त्याला बाइंडरच म्हणत, मीही तेच म्हणतो.

त्याचं दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी, एक लोखंडी दाबयंत्र आणि एक स्टोव्ह. सकाळी आल्या आल्या तो खळ शिजवायला घ्यायचा. गार पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर ढवळत बसायचं. किड्यामुंग्यांनी पुस्तक खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मग फडक्यातून गाळायची. शाळांच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं यायची, पानं निखळलेले शब्दकोश यायचे, पोरांनी कुरतडलेली गोष्टींची पुस्तकं यायची. मी त्यांच्या पाठीवर खळ फिरवायचो, तो कापडी पट्टी बसवायचा, हाडाच्या चपट्या पट्टीने दाबायचा.

रोज संध्याकाळी तो मला कोमट पाण्यात धुवायचा, केस बोटांनी दाबून सरळ करायचा आणि खिळ्याला उलटा टांगायचा. बावीस वर्षं. माणसं आपल्या म्हाताऱ्यांचेही केस इतक्या मायेने विंचरत नाहीत. ते उपकार मी विसरलेलो नाही.

त्याचं खरं नाव झालं होतं ते मात्र चिकटवण्यासाठी नाही, सोडवण्यासाठी. दुसऱ्या कुणी घाईत चुकीचं पान चिकटवलं, की लोक याच्याकडे धावत यायचे. ओला टिपकागद ठेवून, तासन्‌तास वाट बघून, तो पानापासून पान अलगद वेगळं करायचा. मला त्यात काम नसायचं. मी खिळ्यावरून बघायचो.

मग त्याचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपात दिसलं, मग सुरीच्या धारेत. एक दिवस एका शब्दकोशाचा पुठ्ठा तिरका बसला. त्याने तो दोनदा काढून पुन्हा लावला, तरी तिरकाच. त्या दिवशी पहिल्यांदाच मला न धुता खोक्यात टाकलं. राग नाही माझा. ज्याचं सगळं जगणंच तिरकं बसलं, त्याला कुंचल्याची आठवण कुठून राहणार?

पण खोक्यात झुरळं होती. माझ्या केसांत वाळलेली खळ म्हणजे त्यांना मेजवानी. मोरचूद घातलेली होती, तरी मेल्यांनी पर्वा केली नाही. मधोमध बोटभर रुंदीची जागा साफ करून टाकली.

दुकान बंद झालं, खोकं घरी आलं, किती दिवस गेले कोण जाणे. खोकं उघडलं ते बाइंडरच्या मुलीने, बेबीने. वय चौतीस, औषधाच्या दुकानात काउंटरवर नोकरी, डॉक्टरांची न लागणारी अक्षरं दिवसभर लावायची, पण घरात अजून बेबीच.

"बाबा! याला टक्कल पडलंय!"

"मलाही पडलंय. टाकून देतेस का मला?"

बेबी हसली. दोन दिवस तिने मला कोमट पाण्यात भिजवून ठेवलं, दर चार तासांनी पाणी बदललं, वाळलेली खळ नखाने नखाने सोडवली. मी उठलो तेव्हा माझं नाव टकल्या झालं होतं.

इथून माझा दुसरा जन्म. बाइंडरकडे मी सरळ कामं केली, बेबीकडे वाकडी. बाइंडरच्या दुकानातून आलेल्या कात्रणांच्या थप्प्यांमधून तिने एक जाडजूड वही शिवली होती. पानं वेगवेगळ्या रंगांची, काही लहान, काही मोठी. दर रविवारी दुपारी ती खिडकीपाशी टेबल मांडायची आणि एक पान करायची. कसं? मनाला येईल तसं.

गोळ्यांची रिकामी पाकिटं उलटी चिकटवून तिने एक उंच इमारत केली, आणि प्रत्येक गोळीच्या खळग्यात एक एवढंसं तोंड काढलं. कुणी जांभई देतंय, कुणी भांडतंय. बसच्या तिकिटांचे गोल कापून माशाचे खवले केले. पेन्सिलीच्या सालपटांचे घेरदार झगे केले. लिफाफ्याच्या आतली निळी नक्षी म्हणजे आकाश. दोरा शाईत बुडवून दोन पानांमध्ये दाबायचा आणि सर्रकन ओढायचा, जे उमटेल त्याला डोळे काढायचे. एका पानावर मांजर होतं, खालची पट्टी ओढली की ते जीभ काढायचं. वही इतकी फुगली की मिटेना. बेबी ती बुटाच्या नाडीने बांधून ठेवायची.

"आम्ही पुस्तकं सडपातळ करायचो," बाइंडर खुर्चीतून म्हणायचा, "ही गरोदर करते."

पण दर रविवारी तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायचाच. खळ घट्ट झाली की सांगायचा, पातळ झाली की सांगायचा. बेबी बटणं, पत्रा असलं जड काही लावायला बाटलीतला पांढरा गोंद वापरायची आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने पसरायची. त्या गोंदाचा बाइंडरला मनापासून राग.

"खळ धरते आणि पाणी मागितलं तर सोडते. हा धरतो तो धरतोच."

या घरात एक रीत होती. कपाटाच्या खालच्या फळीवर जे काही कागदाचं ठेवलं जाईल ते बेबीचं. जुनी मासिकं, खोकी, दिनदर्शिकेची गेलेली पानं, सगळं तिथे. घरातल्या सगळ्यांना हे इतकं ठाऊक होतं की कुणी कधी मोठ्याने म्हणालंच नव्हतं.

आणि मग घरात वहिनी आली. बेबीच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ जहाजावर, इंजिनखोलीत. लग्नानंतर महिन्याभरात तो गेला, सहा महिन्यांसाठी. ती नवी सून या घरात सासरे, नणंद आणि कागदांचे ढीग यांच्यात उरली. थोडकं बोलायची. दुपारी एक पांढरा पलंगपोस काढून भरतकाम करायची. त्यावर खालून एक वेल चढत होती, हिरवी आणि किरमिजी. अर्ध्यावर येऊन ती थांबलेली होती.

पहिली ठिणगी सालपटांवरून पडली. बेबीने दोन आठवडे खपून एका बशीत पेन्सिलीची सालपटं जमवली होती, रंगाप्रमाणे लावून. वहिनीने घर झाडताना ती केरात टाकली.

"वहिनी, आमच्याकडे कचरा विचारून टाकतात," बेबी म्हणाली.

"आमच्याकडे कचऱ्याला विचारत नाहीत, बेबीताई."

दोघीही वाईट नव्हत्या. पण शब्द निघून गेले. पुढचे आठ-दहा दिवस घरात "भाजी संपलीय" आणि "बाबांची गोळी दिली" याखेरीज बोलणं नव्हतं. बाइंडर एकदा पंख्याकडे बघून म्हणाला, "या घरात आता तूच काय तो बडबडतोस."

अबोला बेबीला सोसवेना. एका रविवारी तिने ठरवलं, वहिनीसाठी एक पान करायचं. संध्याकाळचं तळं, तळ्यात भावाचं जहाज, काठावर वहिनी. तळ्यासाठी तिने खालच्या फळीवरचं एक मासिक उघडलं. आत पातळ, निळसर, तेलकट झाक असलेला कागद सपाट ठेवलेला होता. तळ्याला याहून चांगलं काय मिळणार? तिने मला खळीत बुडवलं.

कागद मी पहिल्याच फटक्याला ओळखला नाही, पण दुसऱ्याला माझ्या लक्षात आलं. त्याच्या अंगावर भोकं होती. टाचणीने टोचलेली, बारीक, शेकडो. इकडेतिकडे नव्हे, ओळीने. ती वळत होती, पान होत होती, फूल होत होती. कुणीतरी फार मन लावून टोचलेली. मी पुढे सरकत होतो आणि एकेका भोकात खळ भरत होती.

बेबी, थांब, असं म्हणावंसं वाटलं. पण कुंचल्याला तोंड असतं तर इतकी वर्षं त्याला कुणी खळीत बुडवलं असतं का?

तळ्यावर तिने मोठ्या पितळी बटणाचं जहाज बसवलं, पांढऱ्या गोंदाने. वर वजन ठेवलं. सोमवारी संध्याकाळी ते पान तिने वहिनीपुढे धरलं.

"हे तुमच्यासाठी. ते... परवाचं जाऊ दे."

वहिनीच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मी टेबलावरच होतो, मी पाहिलं. मग तिचं बोट तळ्यावरून फिरलं आणि थांबलं. भरतकाम करणाऱ्या बाईचं बोट ते, त्याला सांगावं लागत नाही.

"हा कागद कुठून घेतलात?"

"खालच्या फळीवरून. का?"

"माझ्या आईचा आहे."

हळूहळू सगळं कळलं. पलंगपोस तिच्या आईने सुरू केलेला. आईच्या हाताने वेल अर्धी झाली. वरच्या अर्ध्या भागाचा नमुना आईने त्या कागदावर टोचून ठेवला, आणि आठवड्याभरात ती गेली. कागद कापडावर पसरून भोकांवरून निळीची पूड थोपटली की ठिपके उमटतात आणि त्यावर टाके घालता येतात. वहिनीने अजून थोपटलं नव्हतं. मन होत नव्हतं. घडी पडू नये म्हणून मासिकात ठेवला, आणि मासिक खालच्या फळीवर.

"कपाटात तेवढीच जागा रिकामी होती," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. "दोन दिवस मावशीकडे जाऊन येते, बाबा."

बेबी भिंतीला टेकून खाली बसली. बाइंडर काठी टेकत दारापर्यंत गेला.

"सूनबाई, बॅग भर. मी अडवणार नाही. पण मला एक दिवस दे. चिकटलेलं सोडवण्यात माझं आयुष्य गेलंय."

वहिनी बॅगेवर हात ठेवून उभी राहिली. "सुटेल?"

"खळ असेल तर सुटेल. तो पांढरा असेल तर नाही. मग पाणी लावलं की कागदाचा लगदा होईल." तो बेबीकडे वळला. "काय लावलं होतंस?"

"बाबा, आठवत नाही हो! खळच असणार... पण जहाजाला गोंद काढला होता, तळं त्याच वेळी... मी घाईत होते." ती रडायलाच लागली.

मला माहीत होतं. सगळ्या घरात फक्त मला माहीत होतं.

सकाळी बाइंडरने ते पान खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. हात थरथरत होता म्हणून वहिनीने त्याचं मनगट धरलं. बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "टकल्याला आण."

त्याने मला खळीत बुडवून वर्तमानपत्रावर एक फटकारा मारला. पट्टा उमटला आणि त्याच्या मधोमध एक कोरडी रेघ, माझ्या टकलाची. मग त्याने तळं दाखवलं. पातळ कागदाखालून तसाच पट्टा, तशीच रेघ. पुन्हा पट्टा, पुन्हा रेघ.

"ही सही बघ याची. हा आयुष्यात पांढऱ्या गोंदात बुडालेला नाही. खळ आहे, सूनबाई. खळच आहे."

"टकल्या, देव भलं करो तुझं," बेबी नाक पुसत म्हणाली. वहिनीला हसू आलं. डोळे भरलेले आणि हसू, दोन्ही एकदम. झुरळांना मी त्या दिवशी माफ केलं.

मग काम सुरू झालं. बाइंडर खुर्चीत बसून सांगत होता, हात त्या दोघींचे होते. बेबीने मला साध्या पाण्यात बुडवलं. खळ नाही, नुसतं पाणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी चिकटवायला नाही, सोडवायला निघालो होतो.

"नुसता ओलावा. भिजवू नकोस. आता टिपकागद. वर काच. आता काही करू नका."

"किती वेळ, बाबा?"

"चहा होईल, पिऊन होईल आणि कंटाळा येईल इतका."

तिघांनी चहा घेतला. कंटाळा आला. मग वहिनीने हाडाची पट्टी कडेखाली सरकवली. कागद किंचित उचलला गेला. पुन्हा पाणी, पुन्हा काच, पुन्हा वाट. दुपारपर्यंत तळं वीतभर उठलं होतं. त्या वेळात दोघी किती बोलल्या! सालपटांबद्दल बेबीनेच विषय काढला. वहिनी म्हणाली, "मला वाटलं उंदराने घाण केलीय." बेबी इतकी हसली की बाइंडर ओरडला, "कागद फाडाल!"

सगळा मात्र सुटला नाही. जहाजाखाली पांढरा गोंद भोकांतून खालच्या पानात मुरला होता. अंगठ्याएवढा तुकडा बटणाखालीच राहिला. उरलेला कागद वहिनीने पाण्याच्या ताटात तरंगवला, खळ धुऊन काढली, पांढऱ्या फडक्यात वाळवला. नंतरचे आठ दिवस ती रोज दुपारी खिडकीपाशी बसून बुजलेली भोकं सुईने मोकळी करत होती. बेबी कागद उजेडात धरून राहायची आणि राहिलेलं भोक दाखवायची.

शेवटी कागद पलंगपोसावर पसरला, नीळ थोपटली, कागद उचलला. वेल वर चढली होती. पानं, कळ्या, आणि शेंड्यावर बसलेला एक पक्षी. पण त्याला डोकं नव्हतं. डोकं बटणाखाली राहिलं होतं.

"कुठे बघत होता तो?" बेबीने हळूच विचारलं.

"माहीत नाही गं. मी नीट पाहिलंच नव्हतं. नंतर बघू, नंतर बघू म्हणत राहिले."

बेबीने वही ओढली. "मी हे पानच फाडून टाकते. डोळ्यांसमोर नको."

वहिनीने तिचा हात धरला. "खबरदार. त्याचं डोकं तुझ्याकडे, धड माझ्याकडे. आता आपल्याला भांडून चालायचं नाही."

आणि तिने निळी पेन्सिल घेऊन पक्ष्याला स्वतःच्या मनाने डोकं काढलं. खाली बघणारं, आईने भरलेल्या वेलीकडे. थोडं मोठं झालं. बाइंडर म्हणाला, "शहाणा दिसतोय." बॅग केव्हा रिकामी झाली ते मी पाहिलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. भाऊ येतो, जातो. वहीला आणखी दोन भावंडं झाली आहेत, आणि त्यांत आता रेशमाच्या धाग्यांची टोकंही असतात. मासिकं कुठल्याही फळीवर असली तरी आधी विचारलं जातं. खळीसाठी एक नवा, दाट केसांचा कुंचला आणलाय. पोरगा चांगला आहे, जरा जास्त पाणी पितो. मला मोजके केस उरलेत, म्हणून मोजकी कामं देतात. एखादा कोपरा, एखादी कड, किंवा काही चुकून चिकटलं तर पाणी लावायचं काम. ते काम मला आवडतं. संध्याकाळी बाइंडर मला स्वतः धुतो. त्याचा हात थरथरतो, त्यामुळे केस विंचरायला वेळ लागतो. आम्हा दोघांनाही कुठे जायचं नाही.

तुम्हीही कधी कात्री, कागद आणि खळ घेऊन बसलात तर बसाच, मजा येते. फक्त कागद चिकटवण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. कुणी त्यात काही टोचून ठेवलेलं असतं.

आणि एक विनंती. माझे गळलेले केस बहुतेक त्या त्या पुस्तकातच राहिले, बाइंडर ते काढत बसायचा नाही. कधी एखाद्या जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडलात आणि आतल्या कागदाखाली बोटाला केसासारखी बारीक रेघ लागली, तर ती खरवडू नका. बोट फिरवा आणि पान उलटा. तो मी आहे. बरा आहे.